पहिला ओरडा

आमच्याकडे जुळ्यांतली आधी येते ती आपियो,
म्हणजे घाई करणारी.
मागाहून येते ती आदोंगो, मागे राहिलेली.
नावं जन्मताच ठरतात, पोरींना कोण विचारतो.
चार वर्षं झाली,
आदोंगो टायर पिटाळत सरोवरापर्यंत जाऊन येते
आणि घाई करणारी
दाराआड चटईवर
पत्र्यातली भोकं मोजते.

मोजत असावी. मला काय ठाऊक,
मी त्यांचा मामा, डुंगाच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करतो.

शेजारणी आत येताना आवाज खाली आणायच्या.
आपियोला कधी कुणी ओरडलं नाही.
कशाबद्दल ओरडणार?
तिच्या हातून काही सांडलं नाही, काही फुटलं नाही,
कुणाच्या कोंबडीमागे ती लागली नाही.

मग विल्किस्टाबाई आल्या, खांद्यावर रद्दीचं पोतं.
म्हणाल्या, खुर्ची करू.
कशाची?
कागदाची.
मी हसलो. मी लोखंडाचा माणूस.

मक्याच्या पिठाची खळ शिजली, उगालीहून पातळ.
थरावर थर बसत गेले:
मागच्या निवडणुकीतले हसरे उमेदवार,
सिमेंटच्या पिशव्या,
कुणाच्या तरी गणिताच्या पेपरावरचा लाल भोपळा.
वर दगड. मग ऊन.
आठवड्याने त्या पाटावर मी दोन्ही पायांनी उभा राहिलो.
पाट हूं नाही की चूं नाही.

बाईंनी दोरीने पाठीचं माप घेतलं,
मानेला आधार दिला, मांड्यांमध्ये एक खुंटी.
आपियो बसली.
तेव्हा कुठे आम्हाला कळलं
ती आदोंगोहून उंच आहे.

चाकं माझी. तिथे मी चुकलो.
तिचा डावा हातच तेवढा तिचं ऐकतो,
त्याने चाक ढकललं की गाडी गोल.
परत ढकललं, परत गोल.
सगळ्या अंगणभर वर्तुळं.
मी म्हणालो, थांब गं, सरळ करून देतो.
ती कसली थांबते!
हनुवटीवर लाळ, डोळ्यांत चक्कर, घशातून खिदळणं.
आदोंगो टायर टाकून आली,
मग ओडेराची दोन पोरं, मग त्यांचं कुत्रं.
खेळाला नाव नव्हतं. नियम एकच,
सरळ जाईल तो बाद.

चौथ्या रात्री मी कंदील लावून बसलो.
जुनी साखळी, एक दांडा,
पुढेमागे ओढला की दोन्ही चाकं बरोबर.
सकाळी ती निघाली. सरळ.
अंगणाबाहेर. उताराला.
खाली सायप्रोझने जाळ्यांवर ओमेना वाळत घातले होते,
बोटाएवढे मासे, पहाटेपासून निवडलेले,
उन्हात नुसती चांदी.

आपियोने ते पाहिलं.
शपथेवर सांगतो, पाहिलं,
आणि दांडा आणखी जोरात ओढला.

मागून माझी बहीण अचोला धावली.
या पोरीमागे धावताना मी तिला कधी पाहिली नव्हती.
"कार्टे, थांब! डोळे फुटले का तुझे?
थांब म्हणते ना, बघतेच तुला!"
आणि स्वतःचाच आवाज ऐकून
ती मधेच उभी राहिली, तोंडावर हात.
सायप्रोझ मात्र थांबली नाही.
आवाज खाली आणला नाही.
बिचारी म्हणाली नाही.
अर्ध्या बादलीचे पैसे मागितले, वर चार शिव्या.
अचोलाने पैसे मोजून दिले,
घासाघीस न करता,
जन्मात पहिल्यांदा.

संध्याकाळी ढग दिसले तशी खुर्ची आत घेतली.
पावसाला कागद भितो, तेवढं जपावं लागतं.
साखळीतले खवले मी खिळ्याने काढत होतो,
आपियो चटईवर झोपली होती, हाताला मासळीचा वास.
आदोंगो जवळ येऊन बसली.
"मामा, तो दांडा काढता येतो का?
उद्यापुरता.
गोल गोल खेळायचंय."

एकच पिन आहे, म्हटलं.
निघते.